इतर हक्कांचा रकाना

प्रति,
'वॉर्नर ब्रदर्स'च्या चित्रपटसंग्रहाचे आजचे मालक, आणि उद्या जे कुणी मालक होतील ते,



मी तुमची ग्राहक कधीच नव्हते. 'फिल्मस्ट्रक' ही तुमच्या घरातली सेवा १ नोव्हेंबर २०१६ रोजी अमेरिकेत सुरू झाली आणि २९ नोव्हेंबर २०१८ रोजी बंद झाली. त्या दोन वर्षांत ती भारतात आलीच नाही. तेव्हा माझे पैसे तुमच्याकडे अडकलेले नाहीत. तरीही लिहिते आहे, कारण साताऱ्यात पस्तीस वर्षं फिल्म सोसायटी चालवणाऱ्या बाईला ती बातमी वाचून स्वतःचं काही गेल्यासारखं वाटलं, आणि नेमकं काय गेलं हे उमगायला पुढे बराच काळ लागला.

पत्र तुमच्या नावे आहे आणि मराठीत आहे. ज्यांनी ते माझ्यासोबत वाचावं असं मला वाटतं, ती माणसं मराठी वाचतात. तुमच्यापर्यंत ते जायचं असेल तर कुणीतरी भाषांतर करील. कुरोसावा आणि बर्गमन आमच्यापर्यंत तसेच आले, पडद्याच्या तळाशी कुणीतरी ओळी घातल्या म्हणून.

फिल्मस्ट्रक काय होतं, ते आधी माझ्या वाचकांना सांगते. अमेरिकेत 'टर्नर क्लासिक मूव्हीज' ही जुन्या चित्रपटांची वाहिनी १९९४ पासून आहे. मध्ये जाहिरात नाही, काटछाट नाही, आणि चित्रपट सुरू होण्याआधी समोर बसून त्याची ओळख करून देणारं एक माणूस. रॉबर्ट ऑस्बोर्न यांनी हे ओळख करून देण्याचं काम वीस वर्षांहून जास्त काळ केलं. दुसरीकडे न्यूयॉर्कची 'क्रायटेरियन कलेक्शन' ही संस्था. जगभरातले महत्त्वाचे चित्रपट मिळवायचे, सापडेल त्या उत्तम निगेटिव्हवरून स्वच्छ प्रत करायची आणि सोबत लेख, मुलाखती, अभ्यासकाचं विवेचन द्यायचं, हे तिचं १९८४ पासूनचं काम. आज सगळे ज्याला 'ऑडिओ कॉमेंटरी' म्हणतात, ती पहिल्यांदा आली क्रायटेरियनच्या 'किंग काँग'च्या लेझरडिस्कवर, त्याच साली. रोनाल्ड हेवर हे लॉस एंजेलिसच्या कलासंग्रहालयात चित्रपटांचं काम पाहणारे गृहस्थ. चित्रपट चालू असताना शेजारी बसून सांगावं, तसं ते बोलत गेले.

या दोन घरांनी मिळून फिल्मस्ट्रक ही इंटरनेटवरून चित्रपट दाखवणारी सेवा उभी केली. महिन्याला ६.९९ डॉलर, आणि क्रायटेरियनचा संग्रह हवा असेल तर १०.९९ डॉलर. फेब्रुवारी २०१८ मध्ये वॉर्नरची जुन्या चित्रपटांची वेगळी सेवाही त्यातच विलीन करण्यात आली आणि 'कॅसाब्लांका', 'सिटिझन केन', 'सिंगिंग इन द रेन' यांच्या शेजारी ओझू, फेलिनी, त्रुफो यांचे चित्रपट येऊन बसले. हॉलिवूड आणि बाकीचं जग एका मांडवाखाली क्वचित दिसतं. तिथे ते दिसत होतं, आणि कुठून कुठे जायचं ते हात धरून सांगणारी माणसंही होती. डेव्हिड बॉर्डवेल, क्रिस्टिन थॉम्पसन आणि जेफ स्मिथ हे चित्रपटाचे जाणते अभ्यासक एकेका चित्रपटातलं एखादं तंत्र घेऊन दहा-पंधरा मिनिटं बोलत. कॅमेरा कुठे ठेवला, का ठेवला, पात्र दारातून आत येताना आवाज आधी का येतो. विद्यापीठात फी भरून ऐकावं असं ते शिकवणं.

आठ महिन्यांनी, २६ ऑक्टोबर २०१८ रोजी, सेवा बंद होत असल्याचं जाहीर झालं.

मधल्या काळात मालक बदलला होता. जून २०१८ मध्ये 'एटी अँड टी' या टेलिफोन कंपनीने टाइम वॉर्नर ही तुमची तेव्हाची मूळ कंपनी सुमारे ८५ अब्ज डॉलरला विकत घेतली. पुढच्याच महिन्यात नव्या प्रमुखांनी, जॉन स्टँकी यांनी, त्याच घरातल्या एचबीओ वाहिनीच्या कर्मचाऱ्यांसमोर केलेलं भाषण वर्तमानपत्रांत आलं. लोकांनी आठवड्याला किंवा महिन्याला काही तास दिले तर पुरणार नाही, रोजचे काही तास हवेत, असा त्याचा आशय होता. १६ ऑक्टोबरला कोरियन मालिका दाखवणारी 'ड्रामाफीव्हर' ही तुमचीच सेवा एका दिवसात बंद झाली. आगाऊ सूचना नाही. मालिकेच्या बाराव्या भागावर असलेला प्रेक्षक बाराव्या भागावरच राहिला. त्यानंतर दहा दिवसांनी फिल्मस्ट्रकची पाळी आली. निवेदनात म्हटलं होतं की चाहते अत्यंत निष्ठावान आहेत, पण सेवा 'निश' आहे, मोजक्यांसाठीची आहे.

त्या 'निश' शब्दावर मी अडले. त्याचा मूळ अर्थ भिंतीतला कोनाडा. माझ्या आजोळच्या घरात माजघराच्या भिंतीत तसा कोनाडा होता आणि तिन्हीसांजेला दिवा त्यातच लागे. वीतभर जागा, पण स्वयंपाकघरात पाटावर बसलेल्याला ताट दिसायचं ते त्या दिव्याने.

आणि रोजचे तास? 'टोकियो स्टोरी' पाहिल्यावर दुसऱ्या दिवशी आणखी काही पाहवत नाही. म्हातारे आई-वडील मुलांना भेटायला शहरात येतात आणि मुलांना वेळ नसतो, एवढीच ती गोष्ट. पण आमच्या सोसायटीत ती दाखवली त्यानंतर दोन सभासदांनी त्याच आठवड्यात गाव गाठलं होतं. हे तास मोजायचे कुठे? ज्या मोजपट्टीवर हा चित्रपट कमी भरतो, ती मोजपट्टी चित्रपटासाठी बनवलेलीच नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

मग त्या मोजक्यांनी जे केलं ते मी इथून, साताऱ्यातून, दिवसेंदिवस वाचत होते. हजारो लोकांनी मागणीपत्रावर सह्या केल्या. उरलेल्या पाच आठवड्यांत काय काय पाहून घ्यायचं याच्या याद्या लोकांनी बनवल्या: हा चित्रपट डिस्कवर मिळतो, तो सोडा, हा कुठेच मिळत नाही, तो आज रात्री पाहा. अनोळखी माणसं एकमेकांसाठी ही मेहनत करत होती. पुढे क्रिस्टोफर नोलन, पॉल थॉमस अँडरसन, गिलेर्मो देल तोरो, आल्फोन्सो क्वारोन, लिओनार्डो डिकॅप्रिओ अशा मंडळींनी सह्या करून वॉर्नरच्या चित्रपट विभागाचे प्रमुख टोबी एमरिक यांना पत्र लिहिलं. ज्यांचे स्वतःचे चित्रपट जगभर लागतात त्यांना या छोट्या सेवेचं काय पडलं होतं, असं आमच्यातल्या एका तरुण सभासदाने मला विचारलं. मी त्याला म्हटलं, ते दिग्दर्शक व्हायच्या आधी प्रेक्षक होते.

आता आमच्या सोसायटीबद्दल थोडं. कुठून बोलते आहे ते तुम्हाला कळायला हवं.

१९८३ साली आम्ही काही शिक्षकांनी शाळेच्या सभागृहात चित्रपट दाखवायला सुरुवात केली. प्रोजेक्टर १६ मिलिमीटरचा, भाड्याचा. प्रती येत पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाकडून, पत्र्याच्या डब्यांत, एस.टी.ने. शनिवारी दुपारी स्टँडवर जाऊन डबे उतरवून घ्यायचे, सायकलच्या कॅरिअरला बांधायचे, आणि खेळ झाला की सोमवारी परत पाठवायचे. एकदा 'बायसिकल थीव्हज'चा डबा घेऊन आलेला कंडक्टर माझ्यासोबत थेट सभागृहापर्यंत आला. बसमध्ये जपून आणलेलं हे काय आहे, ते त्याला बघायचं होतं. खेळाच्या आधी आमचे इतिहासाचे सर दहा मिनिटं बोलले. महायुद्ध संपलेलं रोम, हाताला काम नाही, आणि ज्याच्याजवळ सायकल आहे त्यालाच भिंतीवर पोस्टर चिकटवण्याची नोकरी मिळणार. बस्स, एवढंच. कंडक्टर दाराशी उभा राहिला तो शेवटपर्यंत उभा राहिला. पुढची कित्येक वर्षं डबा आला की त्याचा पहिला प्रश्न असे, "बाई, या खेपेला कुठला?"

चित्रपटापेक्षा ती दहा मिनिटं मोठी असं मला म्हणायचं नाही. पण सरांची दहा मिनिटं नसती, तर तो कंडक्टर पाऊण तासाने परत गेला असता. अनोळखी भाषा, काळं-पांढरं चित्र, गाणं नाही, मारामारी नाही. दाराशी उभ्या माणसाला आत घ्यायला कुणीतरी लागतं. मुंबईचं प्रभात चित्र मंडळ काय, पुण्याचे फिल्म क्लब काय, महाराष्ट्रातल्या दोन पिढ्यांना जगाचा सिनेमा अशा दाराशी उभ्या राहणाऱ्या माणसांनी दाखवला.

फिल्मस्ट्रकमध्ये बंद झालं ते हे. चित्रपट काही जळाले नाहीत. ते तुमच्या तिजोरीत होते तसेच आहेत. मोडली ती मांडणी. हा चित्रपट त्याच्या शेजारी का ठेवला, आधी कुठला पाहावा, त्याच्याबद्दल कोण बोललं, हे सगळं माणसांनी वर्षानुवर्षं विचार करून रचलेलं होतं. कपाटातून पुस्तकं काढून पोत्यांत भरली तरी पुस्तकं तेवढीच राहतात, पण त्याला कुणी ग्रंथालय म्हणत नाही.

तुमच्या तिजोरीचा इतिहास मी शोधून वाचला. त्यात एक प्रकरण असं आहे, की त्याची तुम्हालाच आठवण करून द्यावीशी वाटते.

१९८६ साली टेड टर्नर यांनी एमजीएम स्टुडिओ घेतला, थोड्याच दिवसांत स्टुडिओचा बराचसा भाग परत विकला आणि चित्रपटांचा संग्रह तेवढा ठेवून घेतला. 'गॉन विथ द विंड', 'विझर्ड ऑफ ऑझ', सोबत वॉर्नरचे १९५० पूर्वीचे चित्रपट. मग त्यांनी काळ्या-पांढऱ्या चित्रपटांना संगणकाने रंग द्यायला घेतलं. तरुण प्रेक्षक रंगीतच पाहतो, असा हिशेब. लोक खवळले. 'माल्टीज फाल्कन'चे दिग्दर्शक जॉन ह्यूस्टन आजारी होते, धाप लागत होती, तरी त्यांनी १९८६ साली पत्रकारांना बोलावून आपल्या चित्रपटाला रंग फासल्याचा निषेध केला. १९८८ साली 'कॅसाब्लांका'सुद्धा रंगीत करून दाखवला गेला. त्याच वर्षी अमेरिकी काँग्रेसने राष्ट्रीय चित्रपट जतन कायदा केला. रंग दिलेल्या चित्रपटावर तशी सूचना लावणं आलं, आणि जपून ठेवायच्या चित्रपटांची राष्ट्रीय यादी सुरू झाली. त्या यादीत आजही दरवर्षी २५ चित्रपट जातात. प्रेक्षक आणि कलावंत ओरडले नसते, तर ती यादी कदाचित आज नसती.

टर्नर यांनी पुढे काय केलं? १४ एप्रिल १९९४ रोजी त्यांनीच टर्नर क्लासिक मूव्हीज काढली, जिथे चित्रपट मूळ रूपात, न तोडता दाखवले जाऊ लागले. माझ्या मनात या माणसाबद्दल आदर आहे तो यासाठी.

याच प्रकरणाचा एक फाटा फ्रान्सच्या न्यायालयात गेला. ह्यूस्टन यांचा १९५० चा 'द अस्फाल्ट जंगल' हा एमजीएमचा चित्रपट, म्हणजे तुमच्याच तिजोरीतला. त्याची रंगीत प्रत फ्रान्सच्या एका वाहिनीवर दाखवायचं ठरलं. ह्यूस्टन तोवर गेले होते. त्यांची मुलं आणि पटकथेचे सहलेखक बेन मॅडो कोर्टात गेले. टर्नर यांच्या कंपनीचं म्हणणं साधं होतं: अमेरिकेतल्या करारानुसार मालक आम्ही आहोत. २८ मे १९९१ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ह्यूस्टन यांच्या बाजूने निकाल दिला. मालकी कुणाचीही असो, ज्याने कृती केली त्याचा तिच्या मूळ रूपावरचा हक्क करारात विकला जात नाही, असं कोर्टाने मानलं.

हे वाचलं तेव्हा मला आमचा सातबारा आठवला. तुमच्याकडे तसा कागद नसावा, म्हणून समजावून सांगते. महाराष्ट्रात प्रत्येक शेतजमिनीचा एक उतारा असतो. त्यावर मालकाचं नाव असतं, आणि त्याशिवाय एक वेगळा रकाना असतो, 'इतर हक्क'. कुणाचं कूळ आहे, बँकेचा बोजा आहे, शेजाऱ्याचा विहिरीत हिस्सा आहे, हे त्या रकान्यात येतं. माझ्या आजोबांनी कोरेगावकडचा एक तुकडा विकला तेव्हा विहिरीत शेजाऱ्याची पाण्याची पाळी लागलेली होती. नव्या मालकाने कुरकुर केली. तलाठ्याने उतारा पुढे केला आणि बोट त्या रकान्यावर ठेवलं. जमीन विकली गेली, पाळी चालू राहिली.

चित्रपटसंग्रहाच्या उताऱ्यावर असा रकाना हवा. तुमचं मालकाचं नाव दर काही वर्षांनी बदलतं: एमजीएम, टर्नर, टाइम वॉर्नर, एओएल टाइम वॉर्नर, एटी अँड टी, आणि एप्रिल २०२२ मध्ये डिस्कव्हरी. एटी अँड टीने ८५ अब्ज डॉलर मोजून घेतलेला संसार चार वर्षंही सांभाळला नाही. याच काळात न बदललेले कोण आहेत? प्रेक्षक. १९९४ साली ऑस्बोर्न यांच्यासमोर बसलेला माणूस २०१८ साली मागणीपत्रावर सही करत होता. फ्रान्सच्या कोर्टाने हक्क मानला तो चित्रपट करणाऱ्याचा. पाहणाऱ्याचा हक्क कुठल्याही कोर्टाने अजून नोंदवलेला नाही, हे मला माहीत आहे. म्हणून कोर्टात न जाता पत्र लिहिते आहे.

सेवा बंद करायचा अधिकार तुमचा नाही, असं मी म्हणत नाही. फिल्म सोसायटीचा जमाखर्च पस्तीस वर्षं मी लिहिला आहे. सभासद वर्गणी थकवतात, प्रोजेक्टरचा दिवा जातो, सभागृहाचं भाडं वाढतं, आणि एके वर्षी आम्हीही चार महिने कुलूप लावलं होतं. पैसा कुठून येतो हे विचारावंच लागतं. पण कुलूप लावायच्या आधी आम्ही सभासदांना घरोघरी जाऊन सांगितलं, जमवलेली पुस्तकं नगर वाचनालयात नेऊन ठेवली आणि कोणता डबा कुठे परत करायचा त्याची यादी भिंतीवर लावली. माझं म्हणणं बंद करण्याच्या रीतीबद्दल आहे.

रीतीने किती फरक पडतो, हे फिल्मस्ट्रकच्या बाबतीतच दिसलं. पाच आठवड्यांची मुदत होती, म्हणून चाहत्यांना आवाज उठवायला वेळ मिळाला. १६ नोव्हेंबर २०१८ रोजी जाहीर झालं की क्रायटेरियन स्वतःची वेगळी सेवा काढणार आहे आणि वॉर्नरचे चित्रपटही तिथे दिसतील. लोकांनी पाहायला काहीही नसताना, फक्त शब्दावर, आगाऊ वर्गणी भरली. ८ एप्रिल २०१९ रोजी क्रायटेरियन चॅनेल सुरू झालं. बॉर्डवेल आणि मंडळींची व्याख्यानं तिकडे गेली. अर्धी मांडणी वाचली. ड्रामाफीव्हरच्या प्रेक्षकांना एकही दिवस मिळाला नव्हता, तिथे काहीच वाचलं नाही. पाच आठवडे आणि शून्य दिवस, एवढाच तो फरक.

त्यानंतरची वर्षं पाहिली तर धडा पुरता घेतलेला दिसत नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये तुमच्या तेव्हाच्या इंटरनेट सेवेवरून कितीतरी मालिका एकाएकी काढल्या गेल्या, त्यात 'इन्फिनिटी ट्रेन'सारखी मुलांची सुंदर ॲनिमेशन मालिका होती. 'बॅटगर्ल' हा जवळपास पूर्ण झालेला चित्रपट प्रेक्षकांपुढे न आणताच गुंडाळला गेला. जून २०२३ मध्ये टर्नर क्लासिक मूव्हीजमधल्या वरिष्ठ माणसांना कमी केलं, तेव्हा स्पीलबर्ग, स्कोर्सेसी आणि पॉल थॉमस अँडरसन यांना तुमच्या प्रमुखांशी बोलावं लागलं. कार्यक्रमांची निवड करणारे चार्ल्स टॅबेश त्यानंतर कामावर राहिले. तुम्ही ऐकलंत, ते बरं केलंत. पण दर वेळी स्पीलबर्ग यांनी फोन करायचा का? आणि ज्या सेवेच्या बाजूने बोलायला स्पीलबर्ग नाहीत, तिचं काय?

हा दोष तुमच्या एकट्याचा नाही, हेही लिहायला हवं. सिंगापूरची 'हूक' ही सेवा ३० एप्रिल २०२० रोजी बंद झाली. तिचे प्रेक्षक भारतातही होते. जपानी ॲनिमेचं मोठं नाव असलेलं 'फनिमेशन' २ एप्रिल २०२४ रोजी बंद झालं. तिथल्या लोकांनी डिस्क विकत घेतल्यावर त्यासोबत डिजिटल प्रत मिळवलेली होती, कायमची म्हणून. ती प्रत नव्या ठिकाणी नेता आली नाही. माझ्या भाच्याचा मुलगा अठरा वर्षांचा आहे आणि ॲनिमे म्हणजे त्याचा जीव की प्राण. त्याने मला विचारलं, "आजी, विकत घेतलेलं परत कसं नेतात?" मला उत्तर देता आलं नाही.

आम्ही पुण्याजवळची माणसं. चित्रपट जाणं म्हणजे काय, हे आम्ही फार जवळून पाहिलं आहे. फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'ची पहिली आणि शेवटची रीळं उरली, मधलं गेलं. 'आलम आरा' तर संपूर्ण गेला. ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यात, जुन्या प्रभात स्टुडिओच्या आवारातल्या गोदामात नायट्रेट फिल्मना आग लागली आणि शेकडो चित्रपटांची रीळं जळाली. प्रभातच्या चित्रपटांचं मूळ साहित्य त्यात होतं. तुमच्याकडेही १९६५ साली एमजीएमच्या गोदामाला आग लागून कित्येक मूकपट गेले. आगीचा धूर तरी दिसतो. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो, चौकशी होते. सर्व्हर बंद करताना धूर निघत नाही. फिल्मस्ट्रकवरच्या चित्रपटांच्या ओळखी, ते गुंफलेले संच, यांतलं किती कुठे जपून ठेवलं आहे, याची यादी तुम्ही जाहीर केल्याचं माझ्या तरी वाचनात नाही.

आणि आगीतूनही काय काय वाचवता येतं, तेही क्रायटेरियनच्या मंडळींनी दाखवलं आहे. सत्यजित राय यांच्या अपू-त्रयीची मूळ निगेटिव्ह १९९३ साली लंडनमधल्या प्रयोगशाळेच्या आगीत होरपळली. ते जळके, वळलेले तुकडे कुणीतरी टाकून न देता अमेरिकेच्या फिल्म अकादमीच्या संग्रहात ठेवले. वीस वर्षांनी क्रायटेरियनने पुढाकार घेतला, इटलीतल्या बोलोन्याच्या कारागिरांनी एकेक तुकडा हाताने मऊ करून, सरळ करून, जोडून घेतला, आणि २०१५ साली 'पथेर पांचाली' पुन्हा पडद्यावर लखलखीत उभा राहिला. त्या वर्षी आम्ही तो साताऱ्यात पुन्हा दाखवला. दुर्गा आणि अपू काशफुलांतून आगगाडी बघायला धावतात तिथे सभागृहात कुणी खोकलंसुद्धा नाही.

तेव्हा, तुमच्या उताऱ्यावरच्या त्या रकान्यात निदान एवढं लिहून ठेवा. कुठलीही सेवा बंद करायची झाली तर प्रेक्षकाला सहा महिने आधी सांगाल. चित्रपटांभोवती जे जे तयार करून घेतलं, व्याख्यानं, मुलाखती, भाषांतरित ओळी, संचांच्या याद्या, ते सगळं सेवा बंद होण्याच्या आत एखाद्या सार्वजनिक संग्रहाकडे सोपवाल. अमेरिकी काँग्रेसच्या ग्रंथालयाइतकी भक्कम जागा तुमच्या दाराशीच आहे. 'विकत' म्हणून जे दिलं असेल ते ग्राहकाला उतरवून घेऊ द्याल. आणि जे चित्रपट तुम्ही स्वतः दाखवणार नाही, ते ज्यांना दाखवायचे आहेत त्यांना दाखवू द्याल, परवडेल अशा परवानगीने. यात तुमची मालकी कणभर कमी होत नाही. पुढचा मालक येईल तेव्हा त्याच्या हाती हा रकाना भरलेला उतारा द्या.

माझ्या वाचकांनाही एक विनंती. तुम्ही जी कुठली छोटी सेवा, छोटा क्लब, छोटं वाचनालय वापरता, त्याची वर्गणी या महिन्यात भरा, आणि तिथे तुमच्यासाठी निवड करणारं माणूस कोण आहे, ते शोधून त्याला दोन ओळी लिहा. त्यांना पत्रं फार कमी येतात, हे मी अनुभवाने सांगते.

क्रायटेरियन चॅनेल आजही फक्त अमेरिका आणि कॅनडात दिसतं. तुमच्या संग्रहातला 'द अस्फाल्ट जंगल', ह्यूस्टन यांनी केला तसा, काळा-पांढरा, आम्हाला साताऱ्यातल्या शाळेच्या सभागृहात दाखवायचा आहे. दीडशे खुर्च्या आहेत, तिकीट नाही, आणि आधी दहा मिनिटं मी बोलणार आहे. परवानगी कुणाकडे मागायची, तेवढं उलट टपाली कळवावं.

आपली,
साताऱ्यातील एका फिल्म सोसायटीची कार्यवाह